सोळा गुण कुठे गेले

ऋतिका : म्हणजे हे चालू करायला आधी कॅसेट वाजवायची?

हितेंद्र : वाजवायची नाही, ऐकवायची. ही वायर बघ. टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरच्या कानात बोलतो. पाच मिनिटं बोलला की कॉम्प्युटरला सगळा प्रोग्राम पाठ होतो.

ऋतिका : आणि नाही झाला तर?

हितेंद्र : पुन्हा पहिल्यापासून. मला पाढे असेच शिकवले.

ऋतिका : आणि मध्येच लाइट गेले तर?

हितेंद्र : सगळं विसरतो. काल काय केलं ते आज आठवत नाही.

मालन : म्हणून तर तुमचं दोघांचं जमायचं. हितू, जेवून तासभर झाला. सोलकढी तशीच पडलीय. ती पी आणि हा पसारा आवर.

हितेंद्र : ताई, आज नाही. आज प्रोग्राम चढल्याशिवाय मी उठणार नाही.

ऋतिका : आत्या, आल्यापासून चौथ्यांदा तू पसारा आवर म्हणालीस. तुला हा कॉम्प्युटर आवडत नाही का?

मालन : आवडण्याचा प्रश्न नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने वायरी घेऊन जमिनीवर बसू नये. उठवायला दोन माणसं लागतात.

ऋतिका : पण क्यूट आहे यार! मला वाटलं हा नुसता कीबोर्ड आहे, बाकीचा माळ्यावर असेल.

हितेंद्र : बाकीचं काही नाही. सगळं एवढ्यातच. अठ्ठेचाळीस केबी. तुझ्या ओळखपत्रावरचा फोटो यात मावणार नाही. पण यात आम्ही विमानं पाडली, बुद्धिबळ खेळलो आणि चाळीतली एकतीस लग्नं जुळवली.

ऋतिका : काय जुळवली?

हितेंद्र : लग्नं. पत्रिकेचे गुण काढायचा प्रोग्राम. मी लिहिला होता. चौदा वर्षांचा असताना.

ऋतिका : बाबा, तुम्ही? तुम्ही पालिकेत झाडं मोजता.

हितेंद्र : आता मोजतो. तेव्हा माणसं मोजायचो. छत्तीसपैकी.

मालन : एकतीसपैकी दोन मोडली.

हितेंद्र : भटजींनी जुळवलेल्यांपेक्षा निकाल बरा आहे. शेवटी शेवटी तर भटजीच आमच्याकडे यायचे. डोळ्यांत मोतीबिंदू, पंचांग दिसायचं नाही. दक्षिणा त्यांची, हिशेब माझा.

ऋतिका : थांबा थांबा. आजोबा गिरणीत होते. संप झाल्यावर घरी बसले. मग त्या चाळीत कॉम्प्युटर आला कुठून?

हितेंद्र : हरेश्वरमामा. बोटीवर भटारखान्यात होता. आईने त्याला टेपरेकॉर्डर आणायला सांगितला होता, बाबांच्या भजनासाठी. मामा एका इंग्रजी बंदरात उतरला, दुकानात बोटाने काहीतरी दाखवलं, त्यांनी हे बांधून दिलं. आईने खोका उघडला आणि...

मालन : "तुका टेपरेकॉर्डर सांगलेलो, नि ह्यां काय हाडलंस?"

हितेंद्र : अगदी अस्सा आवाज! मामा म्हणाला, टीव्हीला जोडायचं असतं. टेपरेकॉर्डर त्याने पुढच्या खेपेला आणला. आमच्याकडे टीव्ही नव्हता. टीव्ही शेजारच्या दौलतकाकांचा. लाकडी शटरच्या पेटीतला, कुलूप लावायचा. दुपारी त्यावर बघण्यासारखं काही नसायचं, म्हणून दुपारी तो आमचा. काकांची एकच अट होती, की ते बाजूला बसणार.

मालन : बसायचे नि झोपायचे.

हितेंद्र : आणि लोक जमायचे! मुलाकडचे, मुलीकडचे, मधे मी. टीव्हीपुढे नारळ ठेवायचे. दसऱ्याला आई मशीनला हळदकुंकू वाहायची. हे एंटरचं बटण बघ. अजून लाल आहे.

ऋतिका : शी, खरंच! आणि आठचं बटण दबतच नाही.

हितेंद्र : त्यात अक्षता गेली असेल. हं, आता शांत बसा. आवाज सहावर ठेवलाय. प्ले दाबतोय.

ऋतिका : ओ गॉड! हा काय आवाज आहे? मांजरीला कोणी मिक्सरमध्ये...

हितेंद्र : हाच तो! अहाहा. बघ, पडद्याच्या कडेला पट्टे आले. आधी निळे-पिवळे बारीक... येतोय... येतोय... गेला.

ऋतिका : काय लिहिलंय? "टेप लोडिंग एरर."

मालन : साडेसहा.

ऋतिका : काय आत्या?

मालन : आवाज साडेसहावर ठेवायचा. सहावर ते मधेच मान टाकतं. आणि हेडचा स्क्रू हललाय, इतक्या वर्षांत हलणारच. त्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हर घाल. वायर काढ, नुसता आवाज ऐक. बोदा येतोय ना? पाव फेरा डावीकडे घे. आवाज पातळ झाला पाहिजे. सुई टोचल्यासारखा.

हितेंद्र : ...टोचतोय.

मालन : मग झालं.

ऋतिका : आत्या! तुला हे सगळं येतं?

हितेंद्र : ताई मदत करायची. टायपिंग क्लासला जायची ना, म्हणून मी सांगायचो आणि ती टाईप करायची.

मालन : हो. हा सांगायचा.

ऋतिका : म्हणजे नंतर तू विमा कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात गेलीस, तेहतीस वर्षं काढलीस, ते टायपिंगमुळे?

मालन : टायपिंग हा पाया असतो. हितू, ऐकलास ना आवाज? झालं समाधान. आता गुंडाळ. हिला अभ्यास असेल.

ऋतिका : मला शून्य अभ्यास आहे. बाबा, पण आजच का? हे खोकं वर्षानुवर्षं माळ्यावर होतं. चाळ पडली, आपण ट्रान्झिट कॅम्पात गेलो, मग इथे चौदाव्या मजल्यावर आलो. तुम्ही कधी उघडलं नाही. आणि गेला आठवडाभर वायरींसाठी लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत फेऱ्या?

हितेंद्र : कारण आहे.

मालन : काय कारण?

हितेंद्र : ताई, तू रागावू नकोस.

मालन : ते कारण कळल्यावर ठरवू.

हितेंद्र : मागच्या शनिवारी मसाला करायला गेलो होतो. डंकावर, मिरच्या कांडायला. अवधूत गल्ल्यावर होता.

मालन : मग? त्याचाच डंक आहे. तो गल्ल्यावर नाही तर काय डंकाखाली असणार?

ऋतिका : कोण अवधूत?

हितेंद्र : लालबागला मसाल्याचा डंक आहे ना त्यांचा, तो. अठ्ठ्याऐंशी साली तुझ्या आत्याला त्याचं स्थळ आलं होतं. घर चांगलं, मुलगा चांगला, आईला पसंत, बाबांना पसंत. फक्त गुण बघायचे राहिले होते. सगळे दौलतकाकांच्या खोलीत जमले. मी नावं घातली, नक्षत्र घातलं, रास घातली, एंटर दाबलं.

ऋतिका : आणि?

हितेंद्र : अकरा.

ऋतिका : छत्तीसपैकी? पासिंग किती?

हितेंद्र : अठरा. अवधूतची आई उठली. नारळ उचलून घेऊन गेली. टीव्हीपुढचा नारळ परत नेलेला मी तेवढा एकच बघितला.

ऋतिका : आणि आत्या, तू... म्हणजे मग लग्नच नाही केलंस ते...

मालन : ऋतिका, तो पंखा जरा वाढव.

हितेंद्र : शनिवारी अवधूतने मला ओळखलं. हसत म्हणाला, "काय रे, तुमच्या कॉम्प्युटरने मला नापास केलेलं, आठवतं का?" मी पण हसलो. मिरच्या कांडून होईपर्यंत बोलत बसलो, बोलता बोलता त्याची जन्मवेळ विचारून घेतली. घरी येऊन फोनवरच्या अ‍ॅपमध्ये घातली. तुझीही घातली.

मालन : कोणी सांगितलं होतं?

हितेंद्र : सत्तावीस आले, ताई.

ऋतिका : काय सांगता!

हितेंद्र : तीन वेगवेगळ्या अ‍ॅपवर बघितलं. तिन्हीकडे सत्तावीस. मग आपल्याकडे अकरा कसे आले? सोळा गुण कुठे गेले? आठ दिवस झोप नाही मला. प्रोग्राम माझा. चूक माझी. माझ्या कुठल्यातरी एका ओळीमुळे तुझं आयुष्य...

मालन : माझ्या आयुष्याला काय झालंय?

हितेंद्र : तसं नाही...

मालन : अँटॉप हिलला स्वतःची खोली आहे, निवृत्त झाल्यावर गेल्या महिन्यात केरळ बघून आले, गुडघे दोन्ही चालतात. काय झालंय?

हितेंद्र : म्हणजे, जे होऊ शकलं असतं ते...

मालन : हितू, मी सदतीस वर्षं डंकावर बसून गल्ला सांभाळला असता. ते होऊ शकलं असतं.

ऋतिका : तुला अवधूतकाका आवडायचे नाहीत?

मालन : वाईट नव्हता. सरळ माणूस. शेजारी बसला की शिंका यायच्या, एवढंच.

हितेंद्र : तू आता माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून बोलतेस. मला ती ओळ शोधायचीच आहे. चूक दिसली की मोकळा होईन. शिवाय चारला तो येतोय.

मालन : कोण येतोय?

हितेंद्र : अवधूत. मीच बोलावलंय. त्याच्यासमोर मशीन लावून कबूल करणार आहे, की बाबा रे, तू नापास नव्हतास, माझा प्रोग्राम नापास होता.

मालन : हितू, तुला अक्कल कधी येणार? बासष्ट वर्षांच्या माणसाला, ज्याला दोन सुना आहेत, त्याला घरी बोलावून तू गुणपत्रिका दुरुस्त करून देणार?

हितेंद्र : माणसाला कळायला नको?

मालन : किती वाजले?

ऋतिका : तीन वाजून पाच मिनिटं.

हितेंद्र : म्हणून म्हणतो, वेळ घालवू नका. कॅसेट मागे घेतो. या बाजूला बाबांची भजनं होती, त्यावरच आम्ही प्रोग्राम भरायचो. कुठला प्रोग्राम कुठे सुरू होतो ते कळावं म्हणून आधी नाव बोलून ठेवायचं. वायर अजून काढलेलीच आहे, नाव ऐकू. हं.

कॅसेट : पत्रिका. चार. ...सुरू.

ऋतिका : कोणाचा आवाज आहे हा?

हितेंद्र : ताईचा! ताई, ऐकलंस? काय बारीक आवाज होता तुझा!

ऋतिका : आत्या, तू किती घाबरून बोलतेस.

मालन : बाजूला दौलतकाकांची बायको झोपलेली असायची. गुणवंतीकाकू. हळूच बोलावं लागायचं.

हितेंद्र : पण चार? मी तीनच केले होते. "पत्रिका तीन" दिवाळीत पुरा झाला, तोच शेवटचा.

मालन : कॉपी असेल. मोजण्यात चुकले असेन.

ऋतिका : तू? मोजण्यात? मघाशी डब्यातले लाडू न उघडता सांगितलेस तू.

हितेंद्र : असू दे. वायर लावली. आवाज साडेसहा. प्ले. कोणी श्वास घेऊ नका.

ऋतिका : बाबा, हे पट्टे पाच मिनिटं नुसते बघत बसायचं?

हितेंद्र : आम्ही बघायचो. तुम्ही लोक पाच सेकंदांत वैतागता. आम्हाला या पाच मिनिटांत माहीत असायचं की काहीतरी घडतंय आणि ते बिघडूही शकतं. कोणी जिन्यात धावलं तरी बिघडायचं. अख्खी चाळ पाच मिनिटं चवड्यांवर चालायची.

ऋतिका : थांबला आवाज. काहीतरी आलं! "ओके" आलं!

हितेंद्र : आलं? आलं! ताई, सदतीस वर्षांनी! भजनाच्या कॅसेटवर!

मालन : कॅसेट जपानी होती. मामाने आणलेली.

हितेंद्र : आता बघ. रन. मुलीचं नाव... मालन. मुलाचं नाव... अवधूत. नक्षत्र, रास, चरण. आठ लागला नाही, नशीब. एंटर... अकरा. बघ! अकराच.

ऋतिका : ओके, म्हणजे रिपीट होतंय. चूक आत आहे. आता कोड बघायचा. बाबा, हे मला दुसऱ्या कोणाशी ट्राय करू दे. आत्या, तुला अजून स्थळं आली होती?

हितेंद्र : आली की. एक डोंबिवलीचा, एक सावंतवाडीचा, एक अँटॉप हिलचाच, सरकारी नोकरीतला.

ऋतिका : त्यांचे किती आले?

हितेंद्र : अकरा. सगळ्यांचे अकराच. आई म्हणायची, मालनची पत्रिकाच जड. मग तिने बघणंच सोडलं. भटजींना विचारू म्हटलं तर म्हणाली, "कॉम्प्युटर खोटा कित्याक बोलात?"

ऋतिका : बाबा.

हितेंद्र : काय?

ऋतिका : चार मुलगे. चार वेगळी नक्षत्रं. चौघांचे अकरा. तुम्हाला तेव्हा काहीच वाटलं नाही?

हितेंद्र : वाटलं ना. वाईट वाटलं.

ऋतिका : चला, कोड दाखवा.

हितेंद्र : हे बघ, पहिल्या ओळीपासून. दहा, वीस, तीस. मी नेहमी दहादहाच्या अंतराने नंबर द्यायचो. एका पुस्तकात तसं लिहिलं होतं, मधे काही घालायचं राहिलं तर जागा असावी म्हणून. मला कधी लागली नाही जागा. माझा संशय नाडीवर आहे. आठ गुण नाडीचे असतात. तिथे मी काहीतरी उलटं केलंय. आठ दुणे सोळा. बरोब्बर सोळाच गेलेत ना?

ऋतिका : नाडी दोनदा थोडीच मोजतात?

हितेंद्र : मी चौदा वर्षांचा होतो. मी काहीही केलं असेल.

मालन : नाडी बरोबर आहे.

हितेंद्र : तुला काय माहीत?

मालन : टाईप मी केलीय.

हितेंद्र : टाईप करणं वेगळं. त्यामागचं तर्कशास्त्र... ऋतिका, मी वाचतो, तू कागदावर लिही. एकशे चाळीस ओळी आहेत. वर्ण, वश्य, तारा...

ऋतिका : बाबा, चार वाजेपर्यंत होणार नाही.

हितेंद्र : नाही झालं तरी चालेल. अवधूत आला की सरळ पायाच पडतो. सांगतो, ओळ सापडली नाही, पण चूक माझीच आहे. माझ्या घमेंडीची आहे. ताईच्या वाट्याचं सुख मी...

मालन : हितू. वरून नको वाचूस.

हितेंद्र : मग?

मालन : लिस्ट तेराशे साठ.

हितेंद्र : तेराशे साठला काय आहे? तिथे फक्त बेरीज संपते.

मालन : तू लिही. लिस्ट तेराशे साठ.

ऋतिका : मी करते. हं. तेराशे साठ, आठही प्रकारांची बेरीज. त्याच्याखाली... बाबा, तुम्ही दहादहाच्या अंतराने नंबर द्यायचा ना?

हितेंद्र : कायम.

ऋतिका : मग हा तेराशे पासष्ट काय आहे?

हितेंद्र : पासष्ट? पासष्ट नसणार. सरक, बघू. चष्मा कुठाय?

ऋतिका : मी वाचते. "इफ एम डॉलर इक्वल टू मालन, देन लेट जी इक्वल टू अकरा." एम डॉलर म्हणजे काय?

हितेंद्र : मुलीचं नाव.

ऋतिका : आणि जी?

हितेंद्र : गुण.

ऋतिका : मुलीचं नाव मालन असेल तर गुण अकरा. मुलाचं नाव कुठाय?

हितेंद्र : मुलाचं नाव... नाहीच.

ऋतिका : नाहीच! म्हणजे मुलगा कोणीही येऊ दे. आत्या! आ-त्या! तू?

मालन : सोलकढी आता खरंच टाकून द्यावी लागेल.

हितेंद्र : ताई, ही ओळ तू घातलीस?

मालन : मशीनने स्वतः घातली नसेल.

हितेंद्र : कधी?

मालन : तू सकाळी शाळेत जायचास. दहा ते दीड. दौलतकाका बाजारात, गुणवंतीकाकू टीव्हीची किल्ली माझ्याकडे देऊन घोरत असायच्या. तेवढा वेळ मशीन माझं होतं. तुझ्या बुद्धिबळात घोडा तीन घरं उडायचा, तो कोणी सरळ केला असं वाटलं तुला?

हितेंद्र : मला वाटलं आपोआप झाला.

मालन : आपोआप काही होत नाही, हितू. मी तेहतीस वर्षं हेच सांगून पगार घेतला.

ऋतिका : पण का? म्हणजे, सरळ नाही म्हणायचं ना. मला हे लग्न नको, बस्स.

मालन : म्हटलं की. दोनदा म्हटलं. आई म्हणाली, मुलींना काही कळत नसतं. बाबा म्हणाले, संपाने घर बसलंय, चांगलं घर मिळतंय तर नाही म्हणू नये. विमा कंपनीचं पत्र आलेलं माझं. कॉम्प्युटर ऑपरेटर, परीक्षा देऊन. अवधूतची आई म्हणाली, आमच्यात सून डंकावर बसते, हाफिसात नाही. मी बोलले तर कोणी ऐकेना. मशीन बोललं तर सगळे ऐकायचे. मग मशीनलाच बोलायला लावलं. कॅसेट मीच लावायचे, तीनच्या जागी चार लावला.

ऋतिका : आत्या, हे कसलं भारी आहे! पण अकराच का? शून्य का नाही?

मालन : शून्य आला असता तर आईने मशीनवर संशय घेतला असता. सतरा आले असते तर भटजींनी शांत करून अठरा केले असते. अकरा कसे, खरे वाटतात. कोणी मुद्दाम अकरा देत नाही.

हितेंद्र : आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. सदतीस वर्षं मी...

मालन : तू आठ दिवसांपूर्वीपर्यंत मजेत होतास. एकतीस लग्नांच्या गोष्टी सांगत होतास प्रत्येक बारशाला.

हितेंद्र : तरी मला सांगायचंस. चौदा वर्षांचा असलो तरी मी कोणाला बोललो नसतो.

मालन : तू? नारळ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू गॅलरीत रडत बसलेलास. सांगणार होते. पण तू रडत काय म्हणत होतास आठवतं? "माझा प्रोग्राम, माझा प्रोग्राम." माझं नाव त्यात कुठे नव्हतंच. मग म्हटलं, असू दे त्याचाच.

ऋतिका : बाबा, बोला ना काहीतरी.

हितेंद्र : नाडी बरोबर होती?

मालन : सगळंच बरोबर होतं. मी रात्री नाही, भर सकाळी, अवधूतची पत्रिका आली त्याच दिवशी तुझ्या तीन नंबरात घालून बघितली. सत्तावीस आले. पुन्हा बघितली. सत्तावीस. तुझी एक जरी चूक असती ना, तर मला ही ओळ घालावी लागली नसती.

हितेंद्र : म्हणजे चौदाव्या वर्षी मी बिनचूक...

मालन : बिनचूक. तीच तर पंचाईत होती.

ऋतिका : तीन पन्नास झाले. काका येतील आता. काय करायचं?

हितेंद्र : सोपं आहे. या मशीनवर नुसता ओळीचा नंबर लिहून एंटर दाबलं की ती ओळ जाते. तेराशे पासष्ट, एंटर. मग रन केलं की सत्तावीस येतील. अवधूतला सांगतो, जुनी चूक होती, सापडली, दुरुस्त केली. चूक माझी. मला आता तिची सवय झालीय.

ऋतिका : पण बाबा, तुमची चूक नव्हती हे आत्ताच कळलं ना तुम्हाला! पाच मिनिटं तरी एन्जॉय करा.

हितेंद्र : ताईला त्याच्यासमोर अवघड नको. इतक्या वर्षांनी माणसाला कळायचं, की मशीनने नाही, हिनेच... ऋतिका, लिही तू. एक, तीन, सहा, पाच.

ऋतिका : लिहिलं. एंटर दाबू? आत्या?

मालन : हात काढ.

ऋतिका : पुसू नको?

मालन : तो प्रोग्राम हितूचा आहे. एकशे चाळीस ओळी त्याच्या, एकही चूक नाही, ते त्याचं त्याच्याजवळ राहू दे. यातली ही एक ओळ माझी आहे. पहिली. नंतर कंपनीत हजारो लिहिल्या, पण त्यांच्यावर कंपनीचं नाव आहे.

हितेंद्र : मग अवधूतला काय सांगायचं?

मालन : तू काही सांगायचं नाहीस. तू चहा टाक. आलं घाल, वेलची नको, मसाल्याचा वास त्याला दिवसभर पुरतो. ऋतिका, तू लिहिलेला आकडा मागे घे. हं. आता लिस्ट तेराशे साठ. बरं. टीव्ही जरा दाराकडे वळव.

ऋतिका : आत्या, तू घाबरली आहेस का?

मालन : बघू. मघाच्या कॅसेटपेक्षा कमी.

(बेल वाजते. दार उघडल्याचा आवाज. मागोमाग मिरचीचा वास. मालन दोनदा शिंकते.)

हितेंद्र : ये अवधूत, ये. पायातलं तिथेच काढ. माझं मशीन लागलं बरं का...

मालन : हितू, चहा. ये अवधूत, बस. लांब बसलास तरी चालेल. चष्मा आणलायस ना? तुला एक ओळ वाचायची आहे. मी लिहिलेली.